बुद्धिबळाची कोडी : कोणाला कोणते द्यावे?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कार्यवाहांचा निरोप आला की दरवर्षी मी टाळाटाळ करतो. मी बँकेतला कारकून. कला शाखेची पदवी आहे, पण लेखणीचा संबंध आता नोंदी आणि सह्या यांपुरताच उरला आहे. मात्र यंदा एक विषय मनात घोळत होता. गेली सहा वर्षे रविवारी सकाळी आपल्या सभागृहात मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग चालतो, हे सभासदांना माहीत आहेच. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर तर पट कमी पडू लागले. या वर्गात मुलांना सोडवायला द्यायची कोडी कशी निवडावीत, एवढ्याच गोष्टीविषयी येथे लिहीत आहे. गोष्ट लहान दिसते, पण तिच्यात मी एकदा चांगलाच चुकलो आहे.

प्रथम कोडे म्हणजे काय ते सांगतो. पटावर काही मोहरी मांडलेली असतात. कोणाची चाल आहे ते सांगितलेले असते. विद्यार्थ्याने सर्वांत चांगली चाल शोधायची. कधी एका चालीत मात, कधी दोन चालींत, कधी समोरच्याचे मोहरे जिंकायचे, तर कधी आपला हरत आलेला डाव वाचवायचा. संपूर्ण डाव खेळायला तास-दीड तास लागतो आणि त्यात शिकण्यासारखा क्षण एखादाच येतो. कोडे म्हणजे तो क्षण डावातून वेगळा काढून हातात दिलेला. म्हणून जगात सगळीकडे बुद्धिबळ शिकवणारे कोड्यांचा उपयोग करतात.

आता माझी चूक. वर्ग सुरू होऊन वर्ष झाले होते. हंगेरीचे लास्लो पोल्गार यांचे कोड्यांचे जाडजूड पुस्तक माझ्या हाती आले. सुसान, सोफिया आणि ज्युडिट या तीन मुलींना घरी शिकवून जगप्रसिद्ध खेळाडू करणारे हेच ते वडील. १९९४ साली निघालेल्या या पुस्तकात ५,३३४ कोडी व डाव आहेत. मला वाटले, या बापाने मुली घडवल्या, आता आपलेही काम झाले. पुस्तकातील दोन चालींत मात करण्याची वीस कोडी मी झेरॉक्स करून आणली आणि नऊ ते पंधरा वयाच्या सतरा मुलांना सरसकट वाटली. तासाभराने कागद गोळा केले. दोन मोठ्या मुलांनी पाच-सहा सोडवली होती. बाकीचे कागद जवळजवळ कोरे. सातवीतल्या एका मुलीने कागदावर पेन्सिलने काळी घरे अधिक काळी करून ठेवली होती. मी विचारले तर म्हणाली, "सर, मला डोकंच नाही." पुढचे तीन रविवार ती आली नाही.

हे वाक्य मला नवीन नव्हते. मी कला शाखेला आवडीने गेलो असे लोकांना सांगतो, पण नववीत गणिताचा कोरा पेपर दिल्याचे मी विसरलेलो नाही. त्या दिवशी माझ्याविषयी जे बोलले गेले ते मी पुढे बरीच वर्षे खरे मानले. बुद्धिबळाच्या वर्गात मी नेमके तेच दुसऱ्याच्या मुलीला दिले होते, तेही हौसेने आणि स्वतःच्या खर्चाने झेरॉक्स काढून.

पुस्तकाचा दोष नव्हता. नंतर मी ते नीट चाळले तेव्हा त्याची बांधणी लक्षात आली. आरंभी एका चालीत मात करण्याची ३०६ कोडी आहेत, मग दोन चालींत मात करण्याची ३,४१२ आणि नंतर तीन चालींची ७४४. एकाकडून दोनाकडे ही पायरी कागदावर एकाच आकड्याची आहे, पण चढायला ती फार उंच आहे. एका चालीत मात शोधताना मूल सगळे शह देऊन पाहते; एक ना एक लागू पडतो. दोन चालींची यातील बरीच कोडी मात्र मुद्दाम रचलेली असतात. त्यांत पहिली चाल शहाची नसते, ती शांत चाल असते. राजा एक घर सरकतो किंवा वजीर कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि समोरचा काहीही खेळला तरी मात होते. समोरच्याची प्रत्येक चाल मनात धरून उत्तर शोधणे हे नवशिक्याचे काम नव्हे. ज्याला शहाशिवाय दुसरे काही सुचत नाही त्याच्या हाती मी ही कोडी दिली होती.

तेव्हापासून मी पुस्तकातला क्रम बाजूला ठेवला आणि एक प्रश्न स्वतःला विचारू लागलो : कोडे अवघड कशामुळे होते? चालींच्या संख्येमुळे, हे उत्तर अपुरे आहे. उदाहरण देतो. वाचकांनी शक्य असल्यास पट घेऊनच बसावे.

पांढरा राजा जी १ वर, त्याच्यापुढे एफ २, जी २, एच २ या घरांत प्यादी. पांढरा हत्ती ई १ वर. काळा राजा जी ८ वर आणि त्याची प्यादी एफ ७, जी ७, एच ७ वर. पांढऱ्याची चाल. हत्ती सरळ ई ८ वर जातो आणि मात होते, कारण काळ्या राजाची वाट त्याच्याच तीन प्याद्यांनी अडवली आहे. हे आमचे कार्ड क्रमांक एक. मोहरी कशी चालतात एवढे ज्याला कळते तो हे सोडवतो.

कार्ड दोनमध्ये सर्व काही तेच, फक्त काळ्याचे एच ७ वरचे प्यादे एक घर पुढे, एच ६ वर. प्रश्न असा : मात आहे का? पहिले कार्ड पाठ केलेला मुलगा पटकन हत्ती ई ८ वर नेतो आणि 'मात' म्हणतो. राजा एच ७ वर निसटतो. येथे एकाही चालीचा जास्तीचा हिशोब नाही, तरीही हे कार्ड पहिल्यापेक्षा अवघड आहे, कारण ओळखीचे चित्र दिसले तरी थांबून पाहावे लागते.

कार्ड तीन : प्यादे पुन्हा एच ७ वर. काळ्याला डी ८ वर एक हत्ती दिला आणि पांढऱ्याला ई २ वर दुसरा हत्ती. आता ई २ चा हत्ती ई ८ वर जाऊन शह देतो, काळ्याचा हत्ती त्याला मारतो, मागून ई १ चा हत्ती येऊन ई ८ वर मारतो आणि मात. दोन चाली आहेत, पण वाट एकच आहे; काळ्याला दुसरे काही खेळताच येत नाही. पोल्गारांच्या शांत चालीच्या कोड्याशी याची तुलनाच नको.

कार्ड चार मला सर्वांत आवडते. ई २ वरचा हत्ती काढला आणि तेथे वजीर ठेवला. बाकी काही बदलले नाही. उत्तर तेच : वजीर ई ८ वर, हत्ती वजिराला मारतो, आपला हत्ती परत मारून मात करतो. मोजणी तीच, वाट तीच, घरे तीच. तरी तिसरे कार्ड सोडवणारी बरीच मुले येथे अडतात. वजीर मारला जाणार म्हटल्यावर हात मागे येतो. "वजीर कसा द्यायचा, सर?" असे विचारतात. म्हणजे अडचण हिशोबाची नसून जिवाची आहे. हे मला आधी कोणी सांगितले असते तर ज्या मुलांना मी 'विचार करत नाहीत' म्हणून रागावलो, त्यांना रागावलो नसतो.

आणि कार्ड पाच : तिसऱ्याचीच मांडणी, पण चाल काळ्याची. काळ्याने काय करावे? येथे एच ६ किंवा जी ६ खेळून राजाला खिडकी उघडता येते, राजा एफ ८ वर नेऊन ई ८ वर आणखी एक पहारा वाढवताही येतो. एकापेक्षा जास्त उत्तरे बरोबर आहेत. पुस्तकांत अशी कोडी कमी असतात, कारण एकच उत्तर असलेले कोडे छापायला सोपे. पण आमची मुले डाव हरतात ती बहुतेक वेळा समोरच्याचा डोळा कुठे आहे हे न पाहिल्यामुळे. म्हणून मी प्रत्येक संचात अशी दोन तरी घालतो.

एका मांडणीतून अशी पाच कार्डे निघाली. थोडेसे बदलून पुढे नेण्याची ही पद्धत मी शोधली, असा माझा दावा नाही. अमेरिकेचा बॉबी फिशर याच्या नावाने १९६६ साली निघालेले पाठ्यपुस्तक याच वळणाचे आहे. एका पानावर एक प्रश्न, पान उलटले की उत्तर, आणि बराचसा भर शेवटच्या ओळीवरच्या मातेवर. नेदरलँड्समधील रॉब ब्रुनिया आणि कॉर व्हान वेइगर्डेन यांनी सहा पायऱ्यांची जी शिक्षणपद्धती तयार केली, तिच्या वह्याही अशाच बारीक पायऱ्यांनी चढतात. तेथे मूल दुहेरी हल्ला शिकण्याआधी, कोणते मोहरे बिनपहाऱ्याचे आहे हे ओळखायला शिकते. अक्षरे येण्याआधी जोडाक्षरे शिकवू नयेत, इतकी ही साधी गोष्ट आहे.

बारीक पायऱ्यांना आधार आहे तो असा. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मांडणी खेळाडूंना काही सेकंद दाखवली आणि ती आठवून पुन्हा मांडायला सांगितली. मातब्बर खेळाडूला तिच्यातील बरीचशी मोहरी जागच्या जागी मांडता आली, नवशिक्याला थोडीच मोहरी आठवली. मग तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली, तेव्हा मातब्बराचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जन्मतः वेगळी नव्हती. त्याच्या ओळखीची चित्रे जास्त होती. पालकांनी हे ध्यानात घ्यावे अशी माझी विनंती आहे. ज्याला आपण 'डोके' म्हणतो त्याचा मोठा भाग पाहिलेल्या चित्रांचा साठा असतो, आणि साठा करता येतो. मात्र चित्र मुलाला कळेल इतके जवळचे हवे. न कळलेली वीस चित्रे साठ्यात जात नाहीत, केरात जातात.

आता पातळी कशी ठरवावी याकडे वळतो. अर्पाड एलो या प्राध्यापकांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली, ती सर्वांना ठाऊक आहे. दोन खेळाडूंच्या गुणांकनात २०० चा फरक असेल तर वरच्याला साधारण चारपैकी तीन गुण मिळावेत, असा तिचा हिशोब. इंटरनेटवर लीचेस नावाची विनामूल्य सेवा आहे. तेथे हाच विचार कोड्यांना लावलेला आहे. विद्यार्थी आणि कोडे यांचा जणू सामनाच होतो. विद्यार्थ्याने सोडवले तर कोड्याचे गुण उतरतात, तो चुकला तर कोड्याचे वाढतात. तेथील लाखो कोडी गुणांकनाप्रमाणे आणि विषयाप्रमाणे निवडून घेता येतात. ज्यांच्या घरी सोय आहे त्यांनी तिचा अवश्य लाभ घ्यावा. मीही कार्डांसाठी तेथून मांडण्या घेतो. पण हे गुणांकन कोडे किती अवघड आहे एवढेच सांगते. ते कशामुळे अवघड आहे हे सांगत नाही. वजीर देववत नाही म्हणून अडलेला मुलगा आणि घोडा मागे येऊ शकतो हे न दिसल्यामुळे अडलेला मुलगा, या दोघांची आकड्यात एकच नोंद होते. (घोड्याची किंवा उंटाची मागे येणारी चाल मुलांना हमखास दिसत नाही. मोठ्यांनाही दिसत नाही, मला तर नाहीच नाही.)

म्हणून आमच्याकडे कार्डाच्या मागे पेन्सिलने नोंद असते. किती जणांनी पाहिले, कितींनी सोडवले आणि चुकणाऱ्यांनी कोणती चाल सांगितली. यातली तिसरी नोंद सोन्यासारखी आहे. पंधरा-वीस मुलांच्या हातून कार्ड गेले की त्याची जागा आपोआप कळते. ज्या गटात चारपैकी तीन मुले सोडवतात तो त्या कार्डाचा गट. सगळेच सोडवू लागले तर कार्ड खालच्या डब्यात, निम्म्याहून कमी सोडवू लागले तर वरच्या डब्यात. असे पाच डबे आहेत, बिस्किटांचेच. कोणत्या डब्यातून आरंभ करायचा यासाठी नव्या मुलाची मी परीक्षा घेत नाही. प्रत्येक डब्यातील दोन कार्डे चहाच्या वेळी गप्पा मारता मारता दाखवतो.

एक संच बारा कार्डांचा. पहिली दोन मुद्दाम सोपी, मुलगा झोपेत सोडवील अशी. पटापट दोन उत्तरे आली की मूल सैल होते. शेवटचे एक त्याच्या डब्याच्या वरचे. ते नाही आले तरी चालेल हे आधीच सांगून ठेवलेले असते. मधल्या नऊ कार्डांत सुरुवातीला मी सगळा एकच विषय ठेवायचो, म्हणजे नऊही घोड्याच्या दुहेरी हल्ल्याची. मुले भराभर सोडवायची आणि मी खूश व्हायचो. पुढे शाळांच्या स्पर्धेत तीच मुले समोर आलेला घोड्याचा हल्ला न पाहता निघून गेली. तेव्हा उमगले की 'घोड्याचे कोडे' हे शीर्षकच अर्धे उत्तर असते. आता नवा विषय शिकवला त्या रविवारी तेवढे एकच शीर्षक, पुढच्या रविवारपासून सगळी सरमिसळ.

त्याहून पुढची गोष्ट मला बँकेने शिकवली. नकली नोट 'मी नकली आहे' असे सांगून काउंटरवर येत नाही. गड्डीत शंभर खऱ्या नोटांमध्ये ती निमूटपणे बसलेली असते. प्रशिक्षणात आम्हाला नकली नोटा वेगळ्या काढून दाखवल्या होत्या, त्या सगळ्यांनी ओळखल्या. खरी कसोटी गड्डी मोजताना लागते. कोड्यांचे तसेच आहे. कोडे समोर आले म्हणजे येथे काहीतरी आहे हे मुलाला आधीच कळलेले असते. डावात मात्र खांद्यावर हात ठेवून 'आता पाहा' असे कोणी सांगत नाही. म्हणून माझ्या बारामध्ये दोन कार्डे अशी असतात की ज्यांत काहीच नाही. उदाहरणार्थ, पांढरा घोडा डी ५ वर, काळा राजा ई ८ वर, काळा हत्ती ए ८ वर. घोडा सी ७ वर गेला की राजाला शह आणि हत्तीवर हल्ला. पण काळ्याचा उंट डी ६ वर उभा करून ठेवला आहे आणि सी ७ वर त्याची नजर आहे. घोडा गेला की मेलाच. येथे बरोबर उत्तर 'हा हल्ला चालत नाही' असे आहे. पहिल्यांदा अशी कार्डे दिली तेव्हा मुलांनी माझ्यावर फसवणुकीचा आरोप केला. आता ती संच हाती आला की आधी 'खोटे' कार्ड शोधतात आणि त्या शोधात प्रत्येक कार्ड दोनदा तपासतात. माझे काम त्यांच्या संशयानेच होते.

अगदी लहान मुलांसाठी एक कार्ड येथे देतो, पालकांना घरी मांडता येईल. काळा राजा ए ८ वर एकटा. पांढरा राजा सी ६ वर, पांढरा वजीर डी ७ वर. पांढऱ्याची चाल. वजीर बी ७ वर नेला की मात. सी ७ वर नेला तर काळ्याला शहही नाही आणि हलायला घरही नाही, डाव बरोबरीत. एका घराच्या फरकाने जिंकलेला डाव हातचा जातो. हे कार्ड मी सोपे म्हणून पहिल्या डब्यात ठेवले होते. नोंदी पाहून ते दुसऱ्यात न्यावे लागले.

सोडवलेले कार्ड टाकून द्यायचे नाही. तीन आठवड्यांनी ते न सांगता पुन्हा देतो. स्वीडनच्या अॅक्सेल स्मिथ आणि हान्स टिक्कानेन यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात तीच कोडी पुनःपुन्हा, दर खेपेस अधिक वेगाने सोडवण्याची रीत सांगितली आहे. त्यांची संख्या आपल्या मुलांना झेपणारी नाही, पण रीत झेपते.

कार्डे कुठून आणायची, असे काही पालक विचारतात. पुस्तके आहेत, इंटरनेट आहे. तथापि उत्तम कार्डे वर्गातल्याच डावांतून मिळतात. स्पर्धेत मुले चाली लिहितात. त्या वह्या मी मागून घेतो. जेथे डाव फिरला ती मांडणी कार्डावर उतरते आणि कोपऱ्यात त्या मुलाच्या नावाचे आद्याक्षर. आपल्या चुकीचे कार्ड झाले म्हणून कोणी नाराज झालेले मला आठवत नाही. उलट "माझं कार्ड कोणाकोणाला आलं नाही?" अशी चौकशी होते.

सातवीतली ती मुलगी चौथ्या रविवारी आली. आली म्हणजे तिच्या धाकट्या भावाला सोडायला आली होती. मी तिला कार्ड एक दिले आणि दाराशी उभ्या उभ्याच तिने ते सोडवले. मग दोन, मग तीन. चौथ्याला ती खाली बसली. वजीर देण्यापूर्वी तिने माझ्याकडे दोनदा पाहिले, मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिलो. आता ती बारावीला आहे, म्हणून सध्या फक्त महिन्यातून एकदा येते आणि लहान गटाच्या कार्डांमागच्या नोंदी तीच तपासते. तिच्या स्वतःच्या एका डावातले कार्ड पाचव्या डब्यात आहे. शांत चालीचे आहे. आजवर अकरा जणांनी पाहिले, तिघांनी सोडवले. चुकणाऱ्यांच्या यादीत पहिली चाल माझी आहे, तिच्याच अक्षरात लिहिलेली.

डबे सभागृहातील डावीकडच्या कपाटात असतात. कोऱ्या कार्डांची आणि चौकटीच्या कागदांची नेहमीच टंचाई असते. ज्यांच्या कार्यालयात एका बाजूने छापलेले जाड कागद रद्दीत जातात, त्यांनी ते रविवारी दहाच्या आत आणून द्यावेत.